शंभरातल्या वीस मेंढ्या

फलटण, माण, खटाव, बारामती या कमी पावसाच्या पट्ट्यात भाद्रपद उजाडला, की धनगरांच्या वाड्यांवर एकमेकांना एकच प्रश्न विचारला जातो : तुमची किती गेली? आषाढात उड्या मारणारी कोकरे गौरी-गणपतीपर्यंत मागे पडू लागतात. चालता चालता मध्येच थांबतात, धाप लागते. दिवसभर मान खाली घालून चरून आलेल्या मेंढीच्या हनुवटीखाली संध्याकाळी मऊ, पाण्याने भरलेली पिशवी लोंबताना दिसते. रात्रभर विश्रांती झाली की सकाळी ती ओसरलेली असते. हगवण बहुधा नसते. त्यामुळे पुष्कळ मेंढपाळ म्हणतात, 'लेंडी तर बांधून पडतीया, मग जंत कुठले?' नजर लागली, पाणी बाधले, कोवळे गवत बाधले, अशी कारणे मग पुढे येतात.

लेंडी बांधून पडत असतानाही मेंढी जंतानेच मरू शकते, ही या लेखातली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. या जंतावर आपल्याकडे औषध आहे, स्वस्त आहे आणि गावोगाव मिळते. पण ते ज्या पद्धतीने आपण पाजतो, त्या पद्धतीनेच ते निकामी होत चालले आहे. गेली काही वर्षे मी एक जुना सूक्ष्मदर्शक घेऊन वाड्यावाड्यांवरच्या लेंड्या तपासतो. पशुवैद्यकाची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचले, जाणकारांना विचारून घेतले आणि लेंड्यांत पाहिले, ते वाचकांसमोर ठेवतो.

रक्ताचा हिशेब

मेंढीला चार कप्प्यांचे पोट असते : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटात राहणारा एक बारीक जंत आहे. शास्त्रीय नाव हिमाँकस काँटॉर्टस. लांबी दोन ते तीन सेंटिमीटर. मादीच्या अंगात रक्ताने भरलेले लाल आतडे आणि पांढरी अंडनलिका एकमेकींभोवती पिळलेली असतात, म्हणून इंग्रजीत त्याला न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबाचे नाव मिळाले. मेलेल्या मेंढीचे खरे पोट लगेच उघडले, तर नुसत्या डोळ्यांनीही हे जंत वळवळताना दिसतात.

हा जंत पोटाच्या आतल्या अस्तराला जखम करून रक्त पितो. एका जंतामुळे दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त जाते. आकडा क्षुल्लक वाटेल. पण एका मेंढीत हजार जंत असणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. हजार जंत म्हणजे दिवसाला 50 मिलिलिटर, महिन्याला दीड लिटर. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात एकूण रक्तच दोन लिटरच्या आत-बाहेर असते. शरीर नवे रक्त तयार करत राहते, म्हणून ती जगते. पण त्यासाठी लागणारे लोह आणि प्रथिने संपत जातात. रक्तातील प्रथिने घटली की पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही, ते बाहेर झिरपून हनुवटीखाली साठते. ती पिशवी म्हणजे गळ्याचा आजार नव्हे. पोटातल्या रक्तस्रावाची ती खूण आहे. आतड्याला इजा करणारे दुसरे जंत हगवण लावतात, हा लावत नाही. म्हणूनच तो लक्षात येत नाही.

आता अंड्यांचा हिशेब. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. मेंढीत पाचशे माद्या धरल्या, तरी एकटी मेंढी दिवसाला किमान पंचवीस लाख अंडी लेंडीवाटे जमिनीवर टाकते. शंभराच्या खांडाचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

जमिनीवरचे आयुष्य

अंडे लेंडीत उबते. त्यातून निघालेली अळी लेंडीतल्या जीवाणूंवर जगते, दोनदा कात टाकते आणि तिसऱ्या अवस्थेत येते. उबदार, ओलसर हवेत याला चार ते सहा दिवस पुरतात. हवा थंड असेल तर अधिक. तिसऱ्या अवस्थेतील अळीच्या अंगावर जुनी कात आवरणासारखी राहते. त्यामुळे तिचे संरक्षण होते, पण तिला काही खाता येत नाही. अंगातल्या साठ्यावर ती जगते. दव किंवा पावसाच्या पाण्याचा पातळ थर गवतावर असेल, तर त्यातून ती वर चढते. तेही फार नाही, बहुतेक अळ्या जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरच्या आतच असतात. मेंढीने ते गवत खाल्ले, की सुमारे तीन आठवड्यांत तिच्या पोटात अंडी घालणाऱ्या माद्या तयार होतात.

या वर्णनात आपल्या पट्ट्याचे सगळे गणित दडलेले आहे. कडक उन्हाळ्यात तापलेल्या माळावर अळी टिकत नाही. लेंडी वाळून कडक होते, आणि उष्णतेने अळीच्या अंगातला साठाही लवकर संपतो. अशा वेळी जंत मेंढीच्या पोटात वाट पाहतो. कोरड्या दिवसांत पोटात गेलेल्या अळ्यांपैकी बऱ्याच अळ्या वाढ थांबवून अस्तरात दबून राहतात आणि पुढचा पाऊस जवळ आला की मोठ्या होतात. नेमकी व्यायच्या सुमारास आणि दूध पाजताना मेंढीची प्रतिकारशक्तीही उतरते, अंडी वाढतात. आई ज्या गवतावर अंडी टाकते, त्याच गवतावर कोकरू चरायला शिकते. कोकराची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही महिने जावे लागतात. आषाढात सुरू झालेली ही साखळी दोन-तीन फेऱ्या पूर्ण करते, तेव्हा भाद्रपद येतो.

वाट चालणे हेही औषध

धनगर दिवाळीच्या आगेमागे वाडे घेऊन निघतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही देशावरच फिरतात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. एका शेतात एक-दोन रात्री मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसे, की वाघूर गुंडाळून पुढच्या शेतावर. आता वर दिलेला आकडा आठवा : अंड्यापासून तोंडात जाण्याजोगी अळी तयार व्हायला किमान चार दिवस. तोपर्यंत वाडा दोन गावे पुढे गेलेला असतो. आपण टाकलेली अंडी आपल्याच मेंढ्यांच्या तोंडी पडत नाहीत. परदेशातल्या कुरणांवर तारेचे कप्पे पाडून, दर चार दिवसांनी कळप हलवून जे साधतात, ते आपल्याकडे पायी चालण्यात साधले जाते. धनगरांनी ही वाट जंतासाठी आखली असे मी म्हणत नाही. ती चारा-पाण्यासाठी आखली. पण जंत कमी राहणे हा तिचा एक लाभ आहे, असा माझा तर्क आहे.

याला दोन अपवाद सांगायला हवेत. एक, मागून येणाऱ्या वाड्याला हा लाभ मिळतोच असे नाही. पुढच्याच्या अळ्या त्याच्या वाट्याला येऊ शकतात. दोन, कोकणातली भाताची ओली खाचरे, ओढ्याचे व तळ्याचे काठ इथे पाणगोगलगायी असतात आणि त्यांच्यातून यकृतात जाणारे चपटे कृमी मेंढीला लागतात. तो वेगळा जंत आहे, त्याचे औषधही बरेचदा वेगळे असते. गोल जंताचे औषध पाजून चपट्या कृमीचा बंदोबस्त झाला, असे समजू नये.

खरी अडचण पावसाळ्याची. शेते पेरलेली, म्हणून चार महिने मेंढ्या गावच्या गायरानावर आणि माळावर अडकतात. तेच गवत, त्याच लेंड्या, त्याच मेंढ्या. गायरान जितके आक्रसते, तितकी एका एकरावरची मेंढरे वाढतात आणि गवत आखूड होते. गवत आखूड म्हणजे मेंढीचे तोंड जमिनीलगत, अळ्या असतात तिथेच. झाडपाला तोडून घालणारा मेंढका जनावराला नुसता चारा देत नाही. त्याचे तोंड अळ्यांपासून वर उचलत असतो.

औषध का हरते

मेंढ्यांच्या जंतांवरच्या औषधांचा इतिहास विजयाने सुरू होतो आणि दर वेळी सारख्याच रीतीने संपतो. 1961 साली थायाबेंडाझोल आले. त्या काळच्या मानाने ते चमत्कार होते. 1964 मध्ये त्याला न जुमानणारे जंत अमेरिकेत नोंदले गेले. 1981 मध्ये आयव्हरमेक्टिन बाजारात आले. जपानचे सातोशी ओमुरा यांनी तिथल्या मातीतून मिळवलेल्या जीवाणूपासून ते निघाले. ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 मध्ये नोबेल मिळाले. पण ते औषध येऊन दहा वर्षे व्हायच्या आतच दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांत त्याला दाद न देणारे जंत सापडले होते. 2009 मध्ये न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हे नव्या गटातले औषध आले. 2013 पर्यंत तिथेच ते हरल्याची नोंद झाली. भारतातही औषधांना न जुमानणाऱ्या हिमाँकसच्या नोंदी 1970च्या दशकापासून आहेत, आणि वारंवार, सर्व जनावरांना औषध देणाऱ्या मोठ्या फार्मांवर हा प्रश्न फिरत्या कळपांपेक्षा जास्त दिसला आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. फिरत्या कळपांत औषध अजून वाचवता येण्यासारखे आहे.

औषध जंताला 'सवय' लावत नाही. लाखो जंतांमध्ये काही जन्मतःच असे असतात, की त्यांच्यावर ते औषध चालत नाही. औषध पाजले की बाकीचे मरतात, हे उरतात. पुढचे तीन आठवडे मेंढीच्या लेंडीतून फक्त यांचीच अंडी पडतात. गवतावर साध्या जंतांच्या अळ्या भरपूर असतील, तर त्या पोटात जातात आणि या उरलेल्यांची संतती त्या गर्दीत विरून जाते. पण गवतावर साध्या अळ्याच नसतील, तर?

इथे आपल्याकडच्या नेहमीच्या सल्ल्याचा पेच आहे. ऐन उन्हाळ्यात, माळ तापलेला असताना सगळ्या मेंढ्यांना एकदम औषध पाजणे हुशारीचे वाटते. जमिनीवर अळ्या नाहीत, पोटातले मारले की झाले. पण तेव्हा जंतांची जवळजवळ सगळी प्रजा पोटातच असते. शंभरच्या शंभर मेंढ्यांना पाजले, तर जे उरतील ते सगळे औषधाला न जुमानणारेच, आणि पहिल्या पावसाबरोबर गायरानावर त्यांचीच पेरणी होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात उन्हाळी औषधाचा हाच अनुभव आला. औषध पाजून लगेच संपूर्ण कळप स्वच्छ रानात हलवण्याचेही तसेच. म्हणून आता जगभर सल्ला बदलला आहे : काही जंतांना मुद्दाम औषधापासून वाचवा. साध्या जंतांचा हा साठा म्हणजे औषधाचे आयुष्य.

राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने तिथल्या कोरड्या भागासाठी पावसाळ्याच्या मध्याला वर्षातून एकदाच औषध देण्याची पद्धत मांडली, ती याच विचाराला धरून आहे. त्या वेळी गवतावर साध्या अळ्या भरपूर असतात.

बाकीच्या कारणांपैकी तीन आपल्या हातात आहेत. पहिले, कमी मात्रा. अंदाजाने वजन धरून, सरासरीवर औषध पाजले की दांडग्या मेंढीला ते अपुरे पडते आणि अर्धवट कणखर जंतही वाचतात. मात्रा त्या गटातल्या सर्वांत जड मेंढीच्या वजनावर ठरवावी. कोकरांचा गट वेगळा. दुसरे, शेळ्या. वाड्यावर चार-दहा शेळ्या असतातच. शेळीच्या शरीरातून बरीच औषधे लवकर बाहेर पडतात, म्हणून मेंढीची मात्रा तिला अपुरी ठरते, आणि जंत तर दोघींचे एकच. शेळीची मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच द्यावी. तिसरे, नावांचा घोळ. 'मागल्या वेळी हे दिलं, आता औषध बदललं,' असे सांगणाऱ्याच्या दोन्ही बाटल्या मी पाहतो तेव्हा अनेकदा दोन्हींत अल्बेंडाझोल तरी असते, किंवा एकीत अल्बेंडाझोल आणि दुसरीत त्याचेच भावंड फेनबेंडाझोल. कंपनी बदलली, रंग बदलला, गट तोच. बाटलीवरचे बारीक अक्षर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे.

डोळ्याची पापणी

सगळ्यांना पाजायचे नाही, तर कोणाला पाजायचे? याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेत सापडले. फाफा मलान, गॅरेथ बाथ आणि यान व्हॅन विक यांनी पाहिले, की जंत सर्व मेंढ्यांत सारखे वाटलेले नसतात. साधारण वीस ते तीस टक्के मेंढ्या कळपातले सत्तर-ऐंशी टक्के जंत बाळगतात. हा जंत रक्त पितो. तेव्हा रक्त कमी झालेली मेंढी ओळखली की झाले. त्यासाठी त्यांनी पाच रंगांचा तक्ता केला. मलान यांच्या नावावरून त्याला 'फामाचा' म्हणतात.

मेंढीच्या डोळ्याची वरची पापणी बोटाने मिटायची, बुबुळावर हलका दाब द्यायचा, खालची पापणी ओढायची. आतली त्वचा क्षणभर बाहेर येते. तिचा रंग तक्त्याशी जुळवायचा. एक म्हणजे लालभडक, पाच म्हणजे जवळजवळ पांढरा. एक-दोनला औषध नको. चार-पाचला लगेच हवे. तीनची मेंढी गाभण, दूध पाजणारी किंवा खंगलेली असेल, किंवा तीनचे कोकरू असेल, तर औषध द्यावे. तपासणी सूर्यप्रकाशात, दोन्ही डोळ्यांची करावी, आणि पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी. तक्ता जुना होऊन फिकट पडला की बदलावा. मोबाईलवरचा रंग धरून हे काम करू नये. पडद्यागणिक रंग बदलतो.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. ती फक्त रक्त पिणाऱ्या जंतासाठी आहे. हगवण लावणारे जंत तिला दिसत नाहीत. उलट चपट्या कृमीने, गोचिडांनी किंवा उपासमारीनेही पापणी पांढरी पडते. वाड्यावर अनेक मेंढ्या एकदम पांढऱ्या पापणीच्या निघाल्या, तर तक्ता खिशात ठेवून सगळ्यांना औषध द्यावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे.

'एवढी मेंढरं कोण धरून बघणार?' हा आक्षेप रास्त आहे. पण औषध पाजायलाही प्रत्येक मेंढी धरावीच लागते. शिवाय वाड्यावर कोकरे सांभाळणाऱ्या बायकांना प्रत्येक मेंढी तोंडावरून माहीत असते. कोणती सुस्त झाली, कोणीचे दूध आटले, हे त्या पापणी न बघताही सांगतात. माझ्या पाहण्यात तक्ता सर्वांत लवकर त्यांनाच जमला.

मिठाचे पाणी

औषध चालते की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. त्याची चाचणी सोपी आहे. औषधापूर्वी दहा-पंधरा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या गुदद्वारातून घ्यायच्या, जमिनीवरच्या नकोत. दोन ग्रॅम लेंडी मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवून एकूण 60 मिलिलिटर करायची आणि गाळायची. खारट पाणी जड, अंडी हलकी. ती वर तरंगतात. दोन खणांची एक काच असते, तिच्यातल्या रेघांखाली दिसतील तेवढी अंडी मोजून शंभराने गुणायचे. एका ग्रॅममधली अंडी कळतात. ही काच सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत 1939 मध्ये तयार झाली आणि अजून तीच वापरात आहे. औषधानंतर दहा ते चौदा दिवसांनी त्याच मेंढ्यांची अंडी पुन्हा मोजायची. 95 टक्क्यांहून कमी घट झाली, तर औषध त्या कळपात हरू लागले असे समजावे. सूक्ष्मदर्शक मिळाला, तर बाकी खर्च मिठाचा. हे काम तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होऊ शकते, तसेच विज्ञान शाखा असलेल्या कॉलेजातही.

रक्तातच असलेले उत्तर

काही मेंढ्यांची पापणी वर्षानुवर्षे लाल राहते. हा गुण बऱ्यापैकी आनुवंशिक आहे. सुंदरबनच्या दलदलीत वाढलेली गारोल ही छोटी मेंढी जंतांना चांगले तोंड देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोलचा संकर दख्खनी मेंढीशी केला तो मुख्यतः जुळी कोकरे देणाऱ्या जनुकासाठी. पण त्याच कामात गारोलच्या संकरित कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडी कमी असल्याचेही दिसले. मेंढपाळाला यासाठी प्रयोगशाळा नको. वारंवार औषध लागणारी मेंढी बाजाराला काढावी आणि एडका निवडताना त्याच्या आईची पापणी आठवावी. पापणी तपासायला लागल्यावर ही नोंद आपोआप हातात येते. सगळ्यांना पाजणाऱ्याला ती कधीच मिळत नाही, कारण त्याच्या कळपात कमजोर आणि कणखर दोघी सारख्याच दिसतात.

लसही निघाली आहे. जंताच्या आतड्यातील प्रथिनांपासून केलेली लस 2014 पासून ऑस्ट्रेलियात मिळते. मात्र हंगामात ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते आणि ती बनवण्यासाठी प्रथिने मिळवावी लागतात ती मेंढ्यांतल्या जंतांपासूनच. पळसपापडी, म्हणजे पळसाचे बी, आपल्याकडे जंतांवर परंपरेने वापरतात. पाकिस्तानात मेंढ्यांवर झालेल्या चाचण्यांत तिने अंडी कमी झाली, पण मात्रा आणि खात्री यांचा प्रश्न उरतोच. मरणाऱ्या कोकराला पळसपापडी देऊन वाट पाहू नये.

औषधाची ताकद ही गायरानासारखी सामाईक मालमत्ता आहे. एकाने ती उधळली, तर तोटा त्याच वाटेने जाणाऱ्या सगळ्या वाड्यांचा होतो. म्हणून शिबिर भरवणाऱ्यांना माझी विनंती अशी, की किती मेंढ्यांना औषध पाजले या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे लिहावेत : किती मेंढ्यांची पापणी पाहून त्यांना औषध लागले नाही, आणि दोन आठवड्यांनी अंडी किती टक्के घटली. आणि मेंढपाळांना एवढेच, की येत्या पावसाळ्यात पिचकारी भरण्याआधी पापणी ओढून पाहा. जिची लाल आहे, तिला सोडून द्या.